पडद्याआडचे कान

१९६८ सालच्या पावसाळ्यात आमच्या पनवेलच्या घरी एक अर्ज आला आणि घरातल्या सगळ्यांची झोप उडाली. अर्ज आकाशवाणीच्या संगीतस्पर्धेचा होता. ताईला नुकतेच अठरावे लागले होते. तो अर्ज भरायला घरातली चार माणसे आणि शेजारचे एक निवृत्त शिरस्तेदार असे पाच जण दोन संध्याकाळी खपत होते. अण्णांनी आधी पाटीवर कच्चा खर्डा केला. शिरस्तेदारांनी त्यातले शुद्धलेखन सुधारले. आई मात्र स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होती, "अहो, पण हिच्याबरोबर मुंबईला जाणार कोण?"

त्या प्रश्नामागे दुसरा एक प्रश्न होता आणि तो सगळ्यांना ठाऊक होता. ताईला स्थळे येऊ लागली होती. मुलीला गाणे येते हे सांगायला बरे वाटे; पण मुलगी गाणे करते असे म्हटले की समोरच्या माणसाच्या कपाळाला बारीक आठी पडे. अखेर अण्णांनी तोडगा काढला. ताईने स्पर्धेला बसावे. नंबर आला तर गाणे पुढे चालू. नाही आला तर जे शिकली तेवढे पुरे. ताई काही बोलली नाही. तिने तंबोऱ्याची गवसणी काढली आणि तारा जुळवायला घेतल्या. तंबोरा तरी कसला, बुवांनी उसना दिलेला!

शनिवारची रात्र

त्या काळच्या पनवेलात गाण्याला तोटा नव्हता. देवळांत कीर्तने होत, गणपतीत मेळे होत, गावोगावची भजनी मंडळे रात्र रात्र जागवीत. वडाळे तळ्याकाठी संध्याकाळी फिरायला जावे तर कोणाच्या ना कोणाच्या माडीवरून नाट्यपद कानावर येई. पण ख्याल ऐकायचा म्हणजे मुंबई गाठली पाहिजे, नाही तर रेडिओ लावला पाहिजे. मुंबईची वाट ठाण्यावरून होती. वाशीच्या खाडीवर पूल झालेला नव्हता. तेव्हा राहिला रेडिओ. आमच्या रेडिओवर आईने भरतकाम केलेला रुमाल घातलेला असे आणि शनिवारी रात्री तो रुमाल मोठ्या अदबीने उचलला जाई. त्या रात्री दिल्लीहून संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम लागत असे.

हा कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला, तो डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांच्या कारकिर्दीत. पुण्यात जन्मलेला, काशी विद्यापीठात शिकवलेला आणि स्वतः शास्त्रीय गाणे शिकलेला हा माणूस १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे नभोवाणीमंत्री होता. सिनेमाची गाणी रेडिओवरून हद्दपार करणारे मंत्री म्हणून लोक त्यांना आजही हसतात. हसावे असे त्यात थोडे होतेही. इकडे दरवाजा लावला आणि लोक खुशाल रेडिओ सिलोनकडे वळले. १९५२ च्या अखेरीस अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली आणि घराघरांत शिरली. पाच वर्षांनी, १९५७ साली, विविधभारती काढून आकाशवाणीला तो दरवाजा पुन्हा उघडावा लागला.

पण याच केसकरांनी दुसरे एक काम केले आणि त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही. १९५४ साली आकाशवाणीने तरुण गायक-वादकांसाठी देशभर स्पर्धा सुरू केली. त्याच वर्षी आकाशवाणीचे संगीत संमेलनही सुरू झाले. संमेलन नाणावलेल्यांचे, स्पर्धा होतकरूंची. आपल्या भागातल्या केंद्रावर आधी गायचे, तिथून पुढे निवड झाली तर दिल्लीच्या पातळीवर तुलना. विजेत्याला पदक मिळे आणि आकाशवाणीवर गाण्याची वाट त्याला मोकळी होई.

यात एवढे विशेष काय, असे तुम्ही विचाराल. त्यासाठी काळ ध्यानात घ्यायला हवा. फैयाझखाँना बडोद्याचा आणि अल्लादियाखाँना कोल्हापूरचा आश्रय होता. १९४७ नंतर संस्थाने विलीन झाली आणि हा आश्रय संपला. मग गवयाने जायचे कोठे? रेडिओ हा नवा दरबार झाला. जुन्या दरबारात जायला घराणे लागे, वशिला लागे, निदान उस्तादाचा मुलगा किंवा गंडाबंध शागीर्द तरी असावे लागे. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून मध्यमवर्गाच्या मुलांना गाणे शिकण्याची सोय केली. पण शिकलेले गाणे गायचे कोणापुढे, ही अडचण उरलीच होती. पनवेलच्या कारकुनाच्या मुलीला मुंबईच्या मैफलीत कोण बसवणार? स्पर्धेने निदान एक दार असे ठेवले की जिथे अर्ज टाकला की आत जाता येई.

दिसू नये, ऐकू यावे

आकाशवाणीच्या चाचण्यांत एक नियम होता. परीक्षकांना गाणारा दिसता कामा नये आणि त्याचे नावही कळता कामा नये. गाणारा एकीकडे, ऐकणारे दुसरीकडे. मध्ये फक्त ध्वनिक्षेपक.

या नियमावरून पन्नाशीच्या दशकात मोठे वादळ उठले होते. जुन्याजाणत्या कलावंतांनीही चाचणी द्यावी असे ठरले, तेव्हा मुंबईच्या कितीतरी गवयांनी त्याला विरोध केला. परीक्षक मंडळाची धुरा श्रीकृष्ण रातंजनकरांसारख्या थोर पंडिताकडे होती, तरीही हा सल गेला नाही. ज्याने तीस वर्षे मैफली गाजवल्या त्याला पडद्याआड बसवून परीक्षा घ्यायची, हा त्याला अपमान वाटला आणि तो वाटणे साहजिक होते. जाणत्या गवयाचे नाव हीच त्याची कमाई असते. नावच काढून घेतल्यावर त्याच्याजवळ राहिले काय?

पण हाच पडदा तरुणांच्या बाबतीत अगदी उलटा लागू पडला. ज्याला नावच नाही त्याचे नाव झाकल्याने काय जाणार? उलट गाव झाकले जाते, जात झाकली जाते, बापाचा पगार झाकला जातो. परकराला लावलेले ठिगळ झाकले जाते. उरतो तो फक्त सूर. बुवांनी हे ताईला पहिल्याच दिवशी सांगितले होते. "बाळ, तिथे हातवारे कामाला येणार नाहीत आणि हसून वेळ मारून नेता येणार नाही. जे गळ्यात असेल तेवढेच त्यांना दिसेल."

बुवा गावात गायनाचे वर्ग घेत. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना मुले बसवत. शिकवणे अर्थातच पेटीवर. इथे दुसरी पंचाईत होती. १९४० सालापासून आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. पेटीचे सूर बांधलेले. दोन स्वरांमधली मींड तिच्यात निघत नाही आणि आपल्या श्रुती तिच्यात बसत नाहीत, असा आक्षेप होता. खुद्द रवींद्रनाथ ठाकुरांनाही पेटी नकोशी होती. पुढे सत्तरच्या दशकात ही बंदी सैल झाली, पण १९६८ साली ती कडक होती. ताईने आठ वर्षे पेटीच्या आधाराने गायले होते. आता पेटीवाचून, नुसत्या तंबोऱ्यावर उभे राहायचे!

पहिले आठ दिवस फार वाईट गेले. भिंतीला टेकून बसायची सवय असलेल्या माणसाच्या मागची भिंत काढून घ्यावी तसे झाले. गंधार लावायला जावे तो थोडा खाली राही. वर सरकवावा तो जास्तच चढे. ताई रडकुंडीला येई. बुवा पेटी बंद करून तिच्यावर हात ठेवून बसत आणि म्हणत, "पुन्हा." पहाटे साडेचारला हे सुरू होई. शेजारच्या शिरस्तेदारांनी एकदाही तक्रार केली नाही, फक्त एका सकाळी दूध आणायला जाताना ते थबकले आणि म्हणाले, "आज गंधार लागला हो!" तोवर त्यांना गंधार म्हणजे काय हे ठाऊक होते असे आम्हाला कोणालाच वाटले नव्हते.

चर्चगेटची दुपार

शेवटी तो दिवस आला. अण्णांनी रजा काढली. पहाटेची एस. टी., ठाण्याहून लोकल, पुढे चर्चगेटपर्यंत बस, असा प्रवास करून आम्ही आकाशवाणीत पोचलो. मी बारा वर्षांचा होतो आणि माझ्याकडे तंबोरा सांभाळण्याचे काम होते. आईने दिलेली दशम्यांची शिदोरी अण्णांच्या पिशवीत होती.

बाहेर बाकांवर मुले-मुली बसली होती. कोणी सतारीच्या खुंट्या पिळत होते, कोणी तबल्यावर हातोडीने ठोकत होते, एक मुलगा डोळे मिटून अगदी बारीक आवाजात मारवा घोळवत होता. अण्णा त्याच्या शेजारीच बसले होते. मारव्याला षड्ज चुकवत चुकवत गावे लागते, हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हते आणि अण्णांना तर नव्हतेच. पण तो मुलगा इतका वेळ षड्जावर येत नव्हता, की अण्णा बाकावर पुढे सरकून बसले. अखेर तो षड्जावर आला तेव्हा अण्णांनी नकळत मोठा श्वास सोडला. मला ते दृश्य अजून दिसते.

ताईचा क्रमांक पुकारला गेला. नाव नाही, नुसता क्रमांक. ती आत गेली, दार बंद झाले, वर तांबडा दिवा लागला.

आत काय झाले ते तिने आम्हाला परतताना सांगितले. तिने भीमपलास घेतला. पेटी नव्हती, सारंगी नव्हती, समोर कोणी नव्हते. तंबोऱ्याचा सूर कानात भरला आणि तिला एकाएकी फार मोकळे वाटले. विलंबितात ती रमली. ज्या गंधाराने तिला महिनाभर छळले होते तो आता मऊ, गोल, जिथल्या तिथे लागत होता. ती तो पुन्हा पुन्हा लावत राहिली. घरी अण्णांनी गजराचे घड्याळ समोर ठेवून वेळेची तालीम करून घेतली होती. पण इथे घड्याळाकडे पाहायचे तिला सुचलेच नाही. द्रुत चीज सुरू करते न करते तो थांबण्याची खूण झाली. तिची तान चांगली होती. सगळी तयारी तानेची होती. ती गळ्यातच राहिली.

चूक कोणाची नव्हती, तिचीच होती. तिला हे कळत होते आणि म्हणूनच ती रडली नाही. परतीच्या एस. टी.त ती खिडकीशी बसून बाहेर बघत राहिली. मुंब्र्याच्या पुढे केव्हातरी अण्णा म्हणाले, "तो बाकावरचा पोरगा काय गात होता गं?"

"मारवा."

"तो त्या... त्या पहिल्या सुरावर येतच नव्हता."

"यायचे नसतेच अण्णा. लांबवायचे असते."

अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "कमाल आहे."

नंबर न आल्याचे पत्र

महिन्याभराने कळले, ताईची पुढे निवड झाली नव्हती.

या स्पर्धेत पुढे ज्यांची नावे झाली ती वाचकांना परिचित आहेत. कानपूरच्या बोडस घराण्यातल्या वीणा सहस्रबुद्धे १९७२ साली जिंकल्या. त्यांचे वडील शंकरराव बोडस हे विष्णु दिगंबरांचे शिष्य. गुरूच्या सांगण्यावरून महाराष्ट्र सोडून उत्तरेत गाणे शिकवायला गेले होते. बापाने परमुलखात जन्मभर दुसऱ्यांची मुले शिकवली आणि मुलीला देशाने ऐकले. १९७७ साली मुंबईच्या अश्विनी भिडे यांना राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या; पुढे त्यांनी जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेटही मिळवली. १९८१ साली बासरीवादक रोणू मजुमदार जिंकले.

ही नावे वाचली म्हणजे वाटते, स्पर्धेचे काम झाले. पण दर वर्षी एका जिंकणाऱ्यामागे कितीतरी जण माझ्या ताईसारखे घरी परत जात. त्यांचे काय होई, हे कोणी मोजलेले नाही. मी फक्त आमच्या घरचे सांगू शकतो.

पत्र आले त्या संध्याकाळी आई देवापाशी दिवा लावत होती. करार सर्वांना आठवत होता. ताईने उसना तंबोरा गवसणीत घातला आणि तो बुवांकडे पोचता करायला निघाली. अण्णा झोपाळ्यावर होते. ते म्हणाले, "ठेव तो. परवा शनिवार आहे, रात्री कार्यक्रम ऐकताना जवळ असू दे. मला ते सूर कुठले ते सांगत जा."

एवढेच. करार मोडल्याचे कोणी बोलले नाही आणि आईनेही विचारले नाही. त्या शनिवारी अण्णा प्रथमच कार्यक्रम संपेपर्यंत जागे राहिले. पुढच्या दिवाळीला घरात कोणालाच नवे कपडे झाले नाहीत. त्याऐवजी मिरजेहून नवा तंबोरा आला. मिरजेचे कारागीर भोपळ्याला पंढरपूरकडून आणतात, तो वाळवून त्यावर दांडी चढवतात, जवारी काढायला कसे दिवस घालवतात, हे सगळे अण्णा आल्यागेल्याला सांगू लागले. पन्नाशीच्या कारकुनाला कान फुटले होते!

मला वाटते, स्पर्धेचे खरे बक्षीस हेच असते. पदक एकालाच मिळते. पण एका मुलीच्या तयारीने घरातली चार माणसे, शेजारचे शिरस्तेदार आणि समोरच्या माडीवरचे लोक महिनाभर एकच राग ऐकतात. कधी सूर उतरला, कधी लागला, हे त्यांना हळूहळू कळू लागते. गवई तयार व्हायला वीस वर्षे लागतात हे आपण नेहमी म्हणतो. श्रोता तयार व्हायलाही वेळ लागतो, हे मात्र विसरतो.

स्पर्धेचे तोटे नाहीत असे नाही. राग घड्याळावर मोजता येत नाही. ठरलेल्या मिनिटांत बसवायचे म्हटले की आलाप आखडतो आणि ताना वाढतात. टाळी मिळते, पण ठहराव जातो. ताई ज्या चुकीने मागे राहिली तीच मैफलीत गुण ठरली असती, असे बुवा शेवटपर्यंत म्हणत. दूरचित्रवाणी आल्यावर तर पडदा पुरताच वर गेला. मुलांचे कपडे, डोळ्यांतले पाणी, परीक्षकांचे उद्गार सारे दिसू लागले. त्यातून गुणी मुले पुढे आली हे खरेच. नाकारण्यात अर्थ नाही. फक्त ऐकणे थोडे मागे पडले.

बारा किलोमीटरचा रेडिओ

आता एक सूचना करतो, पटली तर घ्यावी. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे असा निकाल दिला. निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे आपल्याकडचे होते. २००२ साली शिक्षणसंस्थांना आणि २००६ साली स्वयंसेवी संस्थांनाही छोटी केंद्रे चालवण्याची मुभा मिळाली. यालाच सामुदायिक रेडिओ म्हणतात. पुणे विद्यापीठाची विद्यावाणी आहे. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला माणदेशी तरंग आहे. असे केंद्र शंभर वॅटचे, आवाज जेमतेम दहा-बारा किलोमीटर पोचतो आणि निम्मे तरी कार्यक्रम तिथल्याच लोकांच्या सहभागाने व्हावेत असा दंडक आहे.

बारा किलोमीटर म्हणजे पनवेलहून इकडे शिरढोण, तिकडे खारघर. आमचे पनवेल आता महानगरपालिका झाले आहे. १९९८ पासून लोकल येते आहे. जुने वाडे गेले, टोलेजंग इमारती आल्या. एका इमारतीत शंभर बिऱ्हाडे राहतात आणि त्यांतली दोन-चार मुले तरी पेटी-तबला शिकतात. पण खालच्या मजल्याला वरच्याचा पत्ता नसतो. अशा ठिकाणी असे केंद्र निघाले आणि त्याने मुलांची स्पर्धा घेतली, तर दिल्लीला जायला नको आणि मुंबईलाही नको. नाव न सांगता, क्रमांक देऊन, आपल्याच गावातल्या मुलांना ऐकावे. खर्च फारसा नाही. कान मात्र द्यावे लागतील.

हे हवेतले मनोरथ नव्हेत. याचा लहानसा प्रयोग मी दर वर्षी पाहतो. ताई आता पंच्याहत्तरीत आहे. लग्नानंतरही ती पनवेलातच राहिली आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षे तिने मुलांना गाणे शिकवले. दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीज झाल्यावरच्या रविवारी, तिच्या घरी मुलांची स्पर्धा असते. बैठकीच्या खोलीत मधोमध दोरी बांधून आईची जुनी इरकली साडी सोडतात. एका बाजूला मुले, मिरजेचा तोच तंबोरा आणि ताई. दुसऱ्या बाजूला आईबाप, आज्या, शेजारी. प्रत्येकाच्या हातात कागद-पेन्सिल. गाणाऱ्याचा फक्त क्रमांक पुकारायचा, ऐकणाऱ्यांनी गुण द्यायचे. पेटी चालत नाही.

गेल्या वर्षी सात नंबरचा एक मुलगा यमन गायला. बारीक आवाज, पण सूर सरळ. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी त्याला सगळ्यांत जास्त गुण दिले आणि कागद मला दाखवून हळूच म्हणाल्या, "हा कोणाचा हो? आमचा चिरंजीव असे कधी गाणार देव जाणे!"

साडी बाजूला झाली. सात नंबर उठला आणि त्या बाईंच्याच मांडीवर येऊन बसला.